फॉर्मातला मोबाईल नंबर कोणाचा? कॉलेज-विद्यापीठाकडे असलेली आपली माहिती आणि ती दुरुस्त करण्याचा अर्ज

दरवर्षी आमच्या खिडकीवर एक तरी मुलगी येते आणि हळूच म्हणते, "सर, फॉर्मातला नंबर माहा नाही." मग कोणाचा? बसस्टँडसमोरच्या ऑनलाईन दुकानवाल्याचा. फॉर्म भरायच्या दिवशी तिच्याजवळ फोन नव्हता, घरातला एकुलता एक फोन बाबांसोबत वावरात होता. दुकानवाला म्हणाला, "टाकून देतो माहाच नंबर, ओटीपी लवकर येते." वर्षभरानं दुकान बंद, त्याचं सिम बंद, आणि हिचा महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळाचा, पासवर्ड विसरलेला. नवा पासवर्ड मागितला की ओटीपी जातो त्या मेलेल्या नंबरावर. शिष्यवृत्तीचा हप्ता तिथंच अडकून बसतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या कार्यालयात प्रवेशाची खिडकी सांभाळतो. विद्यार्थ्यांची माहिती चोरीला जाते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हॅकर येतो. आमच्याकडं तो कशाला येईल? आमच्याकडं माहिती सांडते ती झेरॉक्सच्या दुकानात, नोटीस बोर्डावर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. म्हणून कॉलेज काय मागतं, ते कुठं जातं, आणि चूक निघाली तर अर्ज कोणाकडं करायचा, हे एकदा नीट लिहून ठेवतो.

काय मागतात आणि का

प्रवेशाला लागतात ते कागद सगळ्यांना पाठ आहेत: दहावी-बारावीची मार्कशीट, टीसी, फोटो, सही, राखीव जागा असेल तर जातीचा दाखला, पुढं जात वैधता प्रमाणपत्र, ओबीसी आणि भटक्या जमातींसाठी नॉन-क्रिमीलेयर, शिकण्यात खंड पडला असेल तर गॅप सर्टिफिकेट. यातलं बहुतेक विद्यापीठाला खरंच लागतं. नाव डिग्रीवर जातं, जात आरक्षणासाठी, टीसी याच्यासाठी की एकच पोरगं दोन कॉलेजांत दिसू नये.

शिष्यवृत्तीचा गठ्ठा वेगळा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, बँक पासबुक, आधार. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे, तेव्हा उत्पन्न विचारणं रास्तच. पण ज्याला शिष्यवृत्तीचा फॉर्मच भरायचा नाही, त्याच्या बापाचं उत्पन्न आणि पासबुक प्रवेशाच्या वेळी कशाला? आमच्या जुन्या छापील फॉर्मात 'पालकांकडील शेतीचे क्षेत्र' असाही रकाना होता. कोणी टाकला, कधी टाकला, कोणाला ठाऊक नाही. त्या रकान्याचं पुढं काय होतं, हे मी साहेबांना विचारलं तेव्हा तेही हसले. असा रकाना दिसला तर 'लागू नाही' लिहून मोकळं व्हा, प्रवेश अडत नाही.

आधारचं मात्र नीट समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलं की सीबीएसई, नीट, यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) यांना आधारची सक्ती करता येणार नाही. त्याच निकालानं सरकारी अनुदान आणि लाभाच्या योजनांसाठी आधार कायम ठेवलं. याचा आपल्या खिडकीवरचा अर्थ असा: नुसत्या प्रवेशासाठी दुसरं ओळखपत्र चालायला हवं, पण महाडीबीटीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा तिथं आधार द्यावंच लागतं. ओळख पटवण्यापुरतं द्यायचं असेल तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार काढा. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. झेरॉक्स द्यायचीच असेल तर तिच्यावर आडवं लिहा, 'फक्त बी.ए. प्रथम वर्ष प्रवेशासाठी', खाली तारीख आणि सही. डिग्री किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर पूर्ण आधार क्रमांक छापू नये, असं यूजीसीनं सप्टेंबर २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवलेलं आहे. हातात डिग्री पडली की एकदा तपासून घ्या.

मूळ कागदांबद्दल एकच. पाहून परत देणं हे कॉलेजचं काम. फी बाकी आहे म्हणून मूळ मार्कशीट अडवून ठेवता येत नाही. यूजीसीच्या २०२३ च्या तक्रार निवारण नियमांत ही गोष्ट तक्रार म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे.

खिडकीतून पुढं माहिती कुठं जाते

आमच्याकडं भरलेला फॉर्म आधी दाखल-खारीज रजिस्टरात आणि कॉलेजच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो, तिथून नावनोंदणीसाठी विद्यापीठाकडं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम असेल तर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, चंद्रपूर-गडचिरोलीवाल्यांचं गोंडवाना, आणि नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियाचं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. परीक्षा फॉर्म, निकाल, हॉलतिकीट हे सगळं त्याच नोंदीवर चालतं. श्रेयांक (क्रेडिट) एबीसी खात्यात, म्हणजे श्रेयांकांच्या ऑनलाईन बँकेत, जमा होतात, ते खातं आता अपार आयडीशी, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाशी, जोडलेलं, आणि ते उघडायला डिजिलॉकर हे सरकारी कागदपत्रांचं अ‍ॅप, म्हणजे परत आधारला जोडलेला मोबाईल. नंबराचा हट्ट मी का धरतो, ते आता ध्यानात आलं असेल. आधारला आपला नंबर जोडलेला नसेल तर आधार केंद्रावर जा. गावात येणारा पोस्टमनही इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत हे काम करून देतो.

एक गोष्ट पोरांना माहीतच नसते. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनाच्या वेळी विद्यार्थी समाधान सर्वेक्षणासाठी कॉलेजकडून विद्यार्थ्यांची यादी जाते, ईमेल आणि मोबाईलसकट. मग ईमेलवर एक लिंक येते आणि पोरं ती फसवणूक समजून उडवून लावतात. ही लिंक खरी असते. पण तिच्यात कोणी ओटीपी किंवा बँकेचा नंबर मागितला, तर ती नॅकची नाही.

खोट्याचा अनुभव तर घरोघरी आहे. बारावीचा निकाल लागला की, मे महिन्यातलं ऊन तापत असतं, बाप कृषी केंद्रासमोर सरकीच्या पाकिटांसाठी रांगेत उभा असतो, आणि फोन येतो: "तुमच्या मुलीला पुण्याच्या कॉलेजात सीट आहे, आजच पाच हजार भरा." गेल्या वर्षी एक कास्तकार तोच फोन घेऊन थेट आमच्याकडं आले. "आमच्या पोरीचा नंबर याईले देल्ला कोणं?" मी तरी काय सांगू? निकाल पाहायला ज्या दहा दुकानांत नंबर दिला, त्यातलं कोणतं, हे कसं काढणार?

एकदा अशाच दुकानात स्वतःच्या कामासाठी बसलो होतो. संगणकाच्या पडद्यावर फोल्डरची रांग: 'बीए १', 'बीएस्सी मुली', 'उत्पन्न'. आत शेकडो आधार, जातीचे दाखले, पासबुकाचे फोटो. दुकानवाल्याचं व्हॉट्सअ‍ॅप उघडं, आणि खुर्चीवर त्याचा शेजारी बसलेला. वाईट माणूस नव्हता तो, मिटवायला वेळ मिळत नाही एवढंच. म्हणून काम झाल्यावर उठायचं नाही. आपल्यासमोर फाईल डिलीट करायला लावायची, मग रिसायकल बिन रिकामी करायला लावायची, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली असेल तर तिथूनही. यात लाजायचं काही नाही, वीस रुपये मोजलेत आपण.

कॉलेजंही धुतल्या तांदळासारखी नाहीत. गुणवत्ता यादी बोर्डावर लावताना प्रवर्ग लावावाच लागतो, पण मोबाईल नंबराचा रकाना कशाला? एक्सेल जशीच्या तशी छापली की तो येतो. दोनशे मुलींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला की प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि रात्री अकराला 'हाय' यायला लागतं. ब्रॉडकास्ट लिस्ट केली तर हे टळतं. आम्ही दोन वर्षांपूर्वी बदललं, तेही एका मुलीच्या आईनं कार्यालयात येऊन आवाज चढवला तेव्हा.

दुरुस्तीचा अर्ज

अर्ज करायला पात्रता एकच: नोंद तुमची पाहिजे. आजी विद्यार्थी, माजी विद्यार्थी, कॉलेज मधेच सोडलेला, कोणीही. वय १८ पूर्ण नसेल तर पालकाची सही जोडा. जूनमध्ये प्रथम वर्षाला येणारी बरीच पोरं सतरा वर्षांचीच असतात.

मोबाईल, पत्ता, ईमेल बदलणं सोपं. साध्या कागदावर प्राचार्यांच्या नावानं अर्ज, सोबत ओळखपत्राची प्रत. आडनावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख असेल तर दहावीची मार्कशीट हा पाया. वानखडे की वानखेडे, हा आमच्या भागातला कायमचा घोळ. दहावीच्या मार्कशीटवर बरोबर असेल तर अर्ज, त्या मार्कशीटची प्रत, टीसीची प्रत आणि विद्यापीठाच्या शुल्काची पावती, एवढ्यावर प्राचार्यांमार्फत विद्यापीठात दुरुस्ती होते. शुल्क प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं आहे, खिडकीवर विचारा. दहावीवरच चूक असेल तर मागं जावं लागतं: शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, बोर्डाचं नागपूर किंवा अमरावतीचं विभागीय कार्यालय. त्याला महिने लागतात. दहावीतच पाहून घेतलेलं बरं, हे मी मुख्याध्यापकांनाही सांगत असतो.

अर्जाचा मजकूर लांबवू नका. एवढा पुरे:

"मा. प्राचार्य यांस. विषय: माझ्या नोंदीतील मोबाईल क्रमांक दुरुस्त करणेबाबत. महोदय, मी बी.ए. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून माझा नावनोंदणी क्रमांक अमुक आहे. प्रवेश अर्जात नोंदवलेला मोबाईल क्रमांक माझा नाही. तो काढून खालील क्रमांक महाविद्यालय व विद्यापीठ या दोन्ही नोंदींत घ्यावा व तसे मला लेखी कळवावे. सोबत: ओळखपत्राची प्रत."

'दोन्ही नोंदींत' हे शब्द सोडू नका, नाहीतर कॉलेजात बदलतं आणि विद्यापीठात जुनंच राहतं. महाडीबीटीवरचं प्रोफाईल तर तिसरंच, ते आपल्या लॉगिनमधून वेगळं बदलायचं. अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. पोच हातात आल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. मी खिडकीच्या आत बसणारा आहे, म्हणूनच सांगतो.

सगळं काही काढून मात्र मिळत नाही. गुण, नाव, प्रवेश-निर्गम यांची नोंद कायम राहते, उद्या डुप्लिकेट मार्कशीट त्यावरूनच निघणार. माहितीपत्रकातला तुमचा फोटो, ग्रुपमधला नंबर, संकेतस्थळावर राहून गेलेली जुनी यादी, हे काढायला सांगता येतं.

नवा कायदा, आणि तोवर

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. पण मुख्य तरतुदी नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. तेव्हापासून आपली कोणती माहिती आहे आणि कोणाकोणाला दिली हे विचारता येईल, दुरुस्ती मागता येईल, आणि तक्रारीचा निकाल ९० दिवसांच्या आत लावावा लागेल. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवणं बंधनकारक. सुरक्षेत कसूर केली तर दंड २५० कोटींपर्यंत. संमतीची सूचना मराठीत मागण्याचा हक्कही त्यात आहे, जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण इंग्रजीतल्या बारीक अक्षरांखाली 'मान्य आहे' वर टिचकी मारताना मी आजवर एकाही पोराला वाचताना पाहिलं नाही. सरकारी लाभ आणि प्रमाणपत्रांसाठी मात्र सरकारी यंत्रणेला संमतीशिवायही माहिती वापरण्याची मोकळीक ठेवलेली आहे. शिष्यवृत्तीच्या बाबतीत हे लक्षात असू द्या.

तोवर हातात काय? ओटीपी देऊन पैसे गेले असतील तर क्षणभर न थांबता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन. कॉलेजनं अर्जाला दाद दिली नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती, तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल.

आणि माहितीचा अधिकार. स्वतःच्या नोंदीची प्रत, स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका हे त्यात मागता येतं. उत्तरपत्रिकेचं तर सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच मान्य केलं आहे. अर्ज जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावानं, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत, सोबत १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालील असाल तर तिकिटाऐवजी त्याचा पुरावा. विनाअनुदानित कॉलेजनं 'आम्हाला हा कायदा लागू नाही' म्हणून हात वर केले, तर तोच अर्ज विद्यापीठाकडं टाका. उत्तर ३० दिवसांत. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचं तिकीट, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग, ज्याची खंडपीठं आपल्याकडं नागपूरला आणि अमरावतीला आहेत. तिकिटं तहसीलजवळच्या विक्रेत्याकडं मिळतात. आमच्या गावी बाजाराच्या दिवशी दहाची तिकिटं दुपारपर्यंत संपतात, तेव्हा सकाळच्या बसनं या.