पार्श्वभूमी: पुन्हा पहिल्यापासून

उडी चुकली की माणूस आधी कंट्रोलरकडे बघतो. बटण नीट दाबलं गेलं नसेल, हा पहिला संशय. मग त्या खड्ड्याला चार शिव्या. चौथ्या-पाचव्या खेपेला नाइलाजाने कबुली, की बोटच लवकर उचललं होतं. अवघड प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे उड्या मारत खड्डे आणि अडथळे पार करायचे गेम, खेळणाऱ्या कुणालाही हा क्रम पाठ असतो. ठळक पिक्सेलची चित्रं, दोन-तीन बटणं, एका चुकीला मरण, असे गेम आजही नव्याने निघतात आणि लोक ते रात्र रात्र जागून खेळतात. जुन्या काळच्या गेमसारखा अवघड, हीच त्यांची जाहिरात असते. पण जुन्या काळचे गेम अवघड होते ते कुणाला अवघडपणा फार आवडत होता म्हणून नव्हे. त्याची सुरुवात नाण्यापासून झाली.

१९८१ साली निन्टेंडो या जपानी कंपनीचा 'डाँकी काँग' आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांत, आला. शिगेरू मियामोतो यांनी रचलेल्या या गेमचा नायक पिंपांवरून उड्या मारत शिड्या चढत जायचा. पुढे मारिओ म्हणून जगभर ओळखला गेलेला हा गडी तेव्हा 'जंपमॅन' होता. आर्केडच्या धंद्याचं गणित सरळ होतं. एक माणूस यंत्रासमोर तासभर उभा राहिला तर मालकाचं नुकसान, आणि अर्ध्या मिनिटात बाद होऊन वैतागून निघून गेला तरी नुकसान. मरण लवकर यायला हवं, पण 'थोडक्यात हुकलं' असं वाटायला लावणारं हवं. पुढचं नाणं त्या 'थोडक्यात'मधूनच निघायचं.

गेम पुरा होण्याची अपेक्षा तेव्हा कुणी ठेवलेलीच नव्हती. 'डाँकी काँग'ला शेवट नाही. आहे तो एक अपघात. वेळेची मर्यादा काढताना यंत्र लेव्हलच्या आकड्यात ४ मिळवून त्याला १० ने गुणतं. २२व्या लेव्हलला उत्तर येतं २६०. यंत्र हा आकडा एका बाइटात, म्हणजे स्मृतीच्या एका कप्प्यात, ठेवतं; त्यात २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही, २५६ ला मोजणी पुन्हा शून्यावर येते, त्यामुळे हाती उरतात फक्त ४, आणि खेळाडूला वर पोचायला काही सेकंदच मिळतात. कितीही पटाईत माणूस असो, तिथे मरतोच.

मग हे गेम घरी आले. घरात नाणं टाकायचं नव्हतं, तरी आर्केडची सवय सुटली नाही. १९८२ चा 'पिटफॉल!' हा डेव्हिड क्रेन यांचा गेम २५५ पडद्यांचा, त्यासाठी २० मिनिटं आणि ३ जीव. १९८३ चा ब्रिटिश 'मॅनिक मायनर' म्हणजे २० गुहा, आणि कुठेही सेव्ह करायची सोय नाही. पुढच्या वर्षी आलेला 'जेट सेट विली' तर कोडमधल्या चुकांमुळे पुरा करताच येत नव्हता. माळ्याच्या खोलीत गेलं की दुसऱ्याच खोल्या बिघडायच्या. प्रकाशकांनी आधी सांगितलं, की ही चूक नाही, गेम मुद्दाम तसा ठेवलाय. इतकं अवघड असणं तेव्हा किती सहज खपून जात होतं, ते यावरून कळावं.

अवघडपणाला दुसरं कारण होतं जागेचं. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४० किलोबाइटच्या कार्ट्रिजवर बसवला होता. त्यातला ढग आणि खालचं झुडूप हे एकच चित्र, फक्त रंग वेगळा. एवढ्या जागेत लेव्हल तरी किती कोंबणार? सरावलेला खेळाडू चोरवाटांनी तो पाच मिनिटांच्या आत संपवतो. विकत घेतलेला गेम पाच मिनिटांत संपला तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकणार नाही. म्हणून तीच वाट पुन्हा पुन्हा चालायला लावायची. तीन जीव, मोजके 'कंटिन्यू' (जीव संपल्यावर पुढे खेळायची संधी), ते संपले की ये रे माझ्या मागल्या.

कॅपकॉमचा 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स' हा याच १९८५ मधला, आणि माझ्या मते या साऱ्या कुळातला सगळ्यात निर्दय. पहिल्या फटक्याला नायकाचं चिलखत गळून पडतं आणि तो बिचारा चड्डीवर उरतो. दुसऱ्या फटक्याला हाडांचा सापळा. एकदा उडी घेतली की हवेत दिशा बदलता येत नाही, म्हणजे जमीन सोडण्याआधीच कुठे उतरायचं ते ठरलेलं हवं. हे सगळं सोसून शेवटाला पोचलं की गेम सांगतो, हा तर सैतानाने रचलेला भास होता, आता सगळं पुन्हा खेळा. दुसरा फेरा पहिल्याहून जड. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती थट्टा वाटली होती.

निन्टेंडोनेही हात सैल सोडला नव्हता. 'सुपर मारिओ ब्रदर्स २' १९८६ मध्ये जपानात आला तेव्हा त्यात विषारी अळंबी होती, ऐन उडीत ढकलणारा वारा होता, आणि पुढे नेण्याऐवजी मागे नेणाऱ्या चोरवाटा होत्या. अमेरिकेत हे कुणी सहन करणार नाही, असं कंपनीच्या तिकडच्या मंडळींचं मत पडलं. मग दुसराच एक जपानी गेम घेऊन त्यात मारिओ बसवला आणि १९८८ मध्ये तो त्याच नावाने तिकडे विकला. मूळ गेम अमेरिकेत पोचला १९९३ साली, 'द लॉस्ट लेव्हल्स' या नावाने.

तिसरं कारण अमेरिकेतलंच: भाड्याची दुकानं. जपानात गेम भाड्याने देता येत नव्हते. अमेरिकेत दोन-तीन दिवसांसाठी सर्रास मिळायचे, आणि गेम तेवढ्यात संपला तर विकत कोण घेणार? १९८९ मध्ये निन्टेंडोने ब्लॉकबस्टर या भाड्याच्या साखळीवर खटला भरला, तोही गेम भाड्याने दिल्याबद्दल नाही, तर सोबतच्या माहितीपुस्तिकांच्या झेरॉक्स काढल्याबद्दल. १९९४ च्या 'काँट्रा: हार्ड कोअर'मध्ये जपानी खेळाडूला एका जिवात तीन फटके झेलता यायचे आणि कंटिन्यूला मर्यादा नव्हती, अमेरिकन आवृत्तीत एका फटक्यात जीव गेला आणि कंटिन्यूही मोजके. गेम तोच, गिऱ्हाईक वेगळं.

अन्यायाचे नमुने सांगायचे तर 'निन्जा गायडन'चं नाव घ्यायलाच हवं. शत्रूचा धक्का लागला की नायक मागे फेकला जातो, आणि रचना अशी की मागे बहुतेक वेळा खड्डाच असतो. मारलेला पक्षी पडद्याच्या कडेशी दोन पावलं मागे-पुढे केलं की पुन्हा जिवंत. शेवटच्या बॉसकडून, म्हणजे सगळ्यात बलाढ्य शत्रूकडून, हरलात तर त्याच्या दारातून नव्हे, सहाव्या अंकाच्या सुरुवातीपासून चालायचं. हातातोंडाशी आलेला घास म्हणजे काय, ते इथे कळतं. 'बॅटलटोड्स'ची (१९९१) तिसरी लेव्हल भरधाव गाडीवरची. तिथे डोळ्यांनी बघून वळायला गेलात तर उशीर झालेला असतो, अडथळे पाठच असावे लागतात. तो दोघांनी मिळून खेळायचा गेम, पण ११व्या लेव्हलला कोडमधल्या चुकीमुळे दुसऱ्या खेळाडूला हलताच येत नाही. दोघांनी जोडीने तो संपवणं त्यामुळे शक्यच नव्हतं.

नव्वदीच्या उत्तरार्धात त्रिमितीय गेम आले, सेव्ह करणं सर्रास झालं आणि सपाट पडद्यावरच्या उड्या मागे पडल्या. दहाएक वर्षं या प्रकाराकडे मोठ्या कंपन्यांचं फारसं लक्ष नव्हतं.

तो परत आणला हौशी लोकांनी. जुन्या मारिओच्या लेव्हल बदलण्याची साधनं इंटरनेटवर फुकट मिळू लागली होती. २००७ च्या सुमारास एका जपानी खेळाडूने मित्राला छळण्यासाठी बनवलेल्या मारिओच्या लेव्हलचे व्हिडिओ जगभर फिरले, आणि 'काइझो' हा शब्द रूढ झाला. जपानीत त्याचा अर्थ नुसता 'फेरफार'. गेमच्या जगात त्याचा अर्थ झाला नाकी नऊ आणणारी लेव्हल. त्याच वर्षीच्या 'आय वॉना बी द गाय'मध्ये झाडाखालून गेलं की फळ डोक्यावर पडतं. तुम्ही शहाणे होऊन झाडावरून जाता, तर फळ वर पडतं! जुन्या गेमनी लावलेल्या सवयी इथे तुमच्याच विरुद्ध वापरलेल्या असतात. खड्डा दिसला की उडी मारायची, हे तुम्हाला माहीत आहे हे गेमला माहीत असतं, म्हणून नेमका तिथेच अदृश्य ठोकळा. हा विनोद आहे आणि खेळणाऱ्याइतकाच, किंबहुना जास्त, तो बघणाऱ्यासाठी आहे.

पुढच्या वर्षी कॅपकॉमने 'मेगा मॅन ९' थेट आठ-बिटी रूपात, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या यंत्रांवरच्या गेमसारखा, काढला. जुन्या यंत्राला एका आडव्या रेषेत आठापेक्षा जास्त स्प्राइट (हलणारी छोटी चित्रं) दाखवता येत नसत, त्यामुळे चित्रं लुकलुकायची. नव्या यंत्रांवर ती अडचण उरली नव्हती, म्हणून ती लुकलुक हौसेने चालू करण्याची सोय दिली. नॉस्टॅल्जिया म्हणतात तो हाच.

खरा फरक पडला २०१० मध्ये. एडमंड मॅकमिलन आणि टॉमी रेफेनिस यांच्या 'सुपर मीट बॉय'मध्ये नायक म्हणजे मांसाचा एक गोळा, आणि ३०० हून जास्त लेव्हल आहेत, बऱ्याचशा अर्ध्या मिनिटाच्या. करवतीची पाती जिकडेतिकडे. पण मेलात की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पुन्हा उभे. जीव मोजायचे नाहीत, 'गेम ओव्हर'चा पडदा नाही. लेव्हल सुटली की तुमचे सगळे फसलेले प्रयत्न एकाच वेळी धावताना दिसतात: शंभर मांसाचे गोळे निघतात, एकेक करत फुटतात, एकच पोचतो. टेरी कॅव्हाना यांच्या 'व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही'मध्ये तर उडीच नाही, फक्त गुरुत्वाकर्षण उलटं करता येतं. त्यात एक गुडघाभर उंचीचा ठोकळा आहे. तो ओलांडायला उडी नाही, म्हणून काट्यांमधून सहा पडदे वर पडत जायचं आणि त्याच वाटेने ठोकळ्याच्या पलीकडे खाली यायचं. मला तिथे पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात एकदाही गेम बंद करावासा वाटला नाही.

असं का होतं? जुन्या गेममध्ये आव्हान आणि शिक्षा एकत्र विणलेले होते. उडी अवघड, हे आव्हान. चुकली की दहा मिनिटांची वाट पुन्हा, ही शिक्षा. शिक्षा नाण्यासाठी होती, जागेच्या टंचाईसाठी होती, भाड्याच्या दुकानासाठी होती. नव्या मंडळींनी ती उसवून काढली आणि आव्हान उलट आणखी कठीण केलं. मरण्याचा राग येत नाही, परतीच्या वाटेचा येतो, हे त्यांना खेळाडू म्हणून आधीच कळलेलं होतं. मात्र त्यात काही गमावलंही. शेवटचा जीव, तळहाताला घाम आणि समोर बॉस, ही धडधड सुपर मीट बॉयमध्ये नाही. 'शॉव्हेल नाइट'ने (२०१४) यावर सुरेख तोड काढली. त्यातले चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते त्या जागा, फोडता येतात. फोडले की धन मिळतं, पण मेलात तर त्याच्याही मागच्या ठिकाणापासून. शिक्षा हवी तर स्वतः निवडा.

२०१८ च्या 'सेलेस्ट'मध्ये लपवलेली माया बघण्यासारखी आहे. कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ उडी मारता येते. याला 'कायोटी टाइम' म्हणतात, कड्याबाहेर धावत जाऊन क्षणभर हवेतच थांबणाऱ्या कार्टूनमधल्या प्राण्यावरून. जमिनीला टेकण्याआधी किंचित लवकर बटण दाबलं तरी ते लक्षात ठेवलं जातं. डोकं कोपऱ्याला निसटतं लागलं तर गेम तुम्हाला गुपचूप बाजूला सरकवतो. म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ती कंट्रोलरकडे बघण्याची वेळच येऊ नये, अशी व्यवस्था. शिवाय वेग निम्म्यापर्यंत कमी करण्याची किंवा मरणच बंद करण्याची उघड सोय. त्यावरून बरेच वाद झाले. मला ते फुकाचे वाटतात, कारण ज्याला नको त्याने ती सोय वापरू नये.

एक त्रास मात्र गेमच्या रचनेतला नाही. जुने गेम सेकंदाला ६० फ्रेमच्या, म्हणजे ६० चित्रांच्या, हिशेबाने आणि जाडजूड काचेच्या टीव्हीसाठी बेतलेले होते. त्या टीव्हीवर बटण दाबल्याचा परिणाम जवळजवळ लगेच दिसायचा. आजचे सपाट टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात काही फ्रेम खातात. लहानपणी जमणारी उडी आता जमत नसेल तर टीव्हीचा 'गेम मोड' चालू करून बघा. वय हेही कारण असू शकतं, पण आधी टीव्ही तपासावा.

हौशी अवघडपणाचं टोक गाठलं ते 'सुपर मारिओ मेकर'ने. २०१५ च्या या गेममध्ये कुणीही लेव्हल बनवावी, पण इंटरनेटवर चढवण्याआधी ती स्वतः पार करून दाखवायची, असा नियम. त्याचे सर्व्हर ८ एप्रिल २०२४ ला बंद होणार असं जाहीर झालं, तेव्हा कुणीच पार न केलेल्या लेव्हल संपवण्याच्या मागे खेळाडूंचा एक गट आधीपासून लागलेला होता. होता होता उरली 'ट्रिमिंग द हर्ब्स', २०१७ ची, जेमतेम काही सेकंदांची. मार्चमध्ये बनवणाऱ्याने कबूल केलं, की ती त्याने हाताने नव्हे, यंत्राकडून बटणं दाबवून पार केली होती. गटाने ती यादीतून काढली, मोहीम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. काही जण तरीही तिच्यावरच बसून राहिले, आणि सर्व्हर बंद व्हायला तीन दिवस उरले असताना त्यांच्यातल्या एकाने ती हाताने पार केली.