अँटेनाचे तोंड कोणीकडे?

कोल्हापुरातल्या एखाद्या पेठेत मोबाइल टॉवर येणार अशी कुणकुण लागली, की तालमीत बैठक बसते, सह्यांचे निवेदन तयार होते आणि ते महापालिकेत पोचते. निवेदनातली मागणी बहुधा ठरलेली असते : टॉवर वस्तीपासून लांब न्यावा. गच्चीचे भाडे घरमालकाला आणि धास्ती मात्र शेजाऱ्यांना, हे या रागाचे अर्धे कारण असते आणि ते समजण्यासारखे आहे. पण या प्रश्नाला नुसते ‘लांब’ हे माप पुरत नाही.

गच्चीवरच्या खांबाकडे निरखून पाहिले, तर तीन दिशांना तोंड करून बसवलेले, साधारण माणसाच्या उंचीचे, करड्या रंगाचे चपटे डबे दिसतात. लहरी सोडतात ते हे डबे, म्हणजे अँटेना. खांब नुसता आधाराला असतो. या लहरी उघड्या बल्बच्या उजेडासारख्या चहूकडे सारख्या पसरत नाहीत, तर गाडीच्या हेडलाइटसारख्या समोर झेपावतात, आणि त्यांचा झोत आडवा रुंद असला तरी उभ्या दिशेने अगदी चिंचोळा, थोड्याच अंशांचा असतो. तो किंचित खाली झुकवलेला असतो. 30 मीटर उंचीवरचा झोत 6 अंश झुकवला, तर त्याचा मध्य सपाट जमिनीला टेकतो तो सुमारे 285 मीटरवर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इथे अक्षरशः असतो : ज्याच्या गच्चीवर टॉवर आहे त्या घरमालकाच्या खोलीत लहरींची तीव्रता कमी आणि बोळापलीकडच्या, अँटेनाच्याच उंचीला आलेल्या मजल्यावर ती कितीतरी जास्त असू शकते. पेठांमध्ये जुन्या दुमजली घरांना खेटून अपार्टमेंट उभी राहिली आहेत, त्यामुळे ही शक्यता कागदावरची नाही.

थोडा हिशेब करून पाहू. एका अँटेनाला 20 वॅट शक्ती दिली आणि तिने ती समोरच्या दिशेने पन्नासपट एकवटली, तर झोताच्या मध्यावर ती 1000 वॅटच्या उघड्या स्रोतासारखी वागते. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई होते, या नियमाने 100 मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे 0.008 वॅट, 50 मीटरवर 0.03 वॅट, पण 10 मीटरवर 0.8 वॅट एवढी तीव्रता येते. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून या तीव्रतेची आपली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली, तेव्हा 900 मेगाहर्ट्झ या मोबाइलच्या एका वारंवारतेसाठी ती दर चौरस मीटरला 0.45 वॅट ठरली. म्हणजे 50 मीटरवर मर्यादेच्या चौदाव्या भागाइतकी असलेली तीव्रता 10 मीटरवर, तेही झोताच्या अगदी समोर, मर्यादा ओलांडते. दूरसंचार विभागाने राज्यांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत एका अँटेनासाठी 20 मीटर आणि दोन अँटेनांसाठी 35 मीटर अंतर सांगितले होते, ते अँटेनाच्या समोर त्याच उंचीवर असलेल्या इमारतींसाठीच.

टॉवर फार लांब ढकलला तर दुसरीच अडचण येते. रंकाळ्याच्या पलीकडच्या काठावरच्या माणसाशी बोलायचे तर ओरडावे लागते. सिग्नल क्षीण झाला की मोबाइललाही तसेच ‘ओरडावे’ लागते. फोर-जी फोनची कमाल शक्ती सुमारे 0.2 वॅट असते. आकडा लहान खरा, पण तो फोन कानाला टेकलेला असतो. टॉवर जवळ असताना हाच फोन या कमाल शक्तीच्या अगदी थोड्या अंशावर काम भागवतो.

कर्करोगाच्या भीतीबद्दल एवढेच, की या लहरींमधल्या ऊर्जेचा एकेक कण (फोटॉन) दृश्य प्रकाशाच्या कणापेक्षा काही लाखपटींनी दुबळा असतो, त्यामुळे तो डीएनए तोडू शकत नाही. सिद्ध झालेला परिणाम आहे तो उष्णतेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले, हेही खरे. मात्र त्यामागचा मर्यादित पुरावा मुख्यतः डोक्याजवळ धरलेल्या फोनच्या वापरातून आला होता.

महापालिकेने कसून पाहावे ते जुन्या स्लॅबवर येणारा भार आणि डिझेल जनरेटरचा आवाज व धूर. कोल्हापूरकरांनी त्यात पुराचीही भर घालावी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 फुटांच्या पुढे गेले. अशा वेळी वीज जाते आणि टॉवर आधी बॅटरीवर, मग जनरेटरवर चालतो. ही दोन्ही यंत्रे पार्किंगमध्ये ठेवली असतील, तर बोटीसाठी फोन करायची वेळ येते नेमका तेव्हाच टॉवर बंद पडतो.

लहरींच्या मोजणीचे काम दूरसंचार विभागाचे. 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘तरंग संचार’ या पोर्टलवर 4000 रुपये शुल्क भरून नागरिकाला ती मागवता येते. मोजणीचे पथक आले की त्याला टॉवरच्या बुंध्याशी उभे करू नये. बोळ ओलांडून समोरच्या इमारतीत, अँटेनाच्या उंचीला येणाऱ्या मजल्याच्या गॅलरीत न्यावे.