थायलंडचं सुवर्ण: फाइटचं की पूमसेचं?

‘थायलंडला तायक्वांदोत सुवर्ण’ म्हटलं की पानिपाक वोंगपत्तनाकित आठवते. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत ती शेवटच्या काही सेकंदांत ११-१० अशी जिंकली. २०२४ ला पॅरिसमध्येही ४९ किलो गटाचं सुवर्ण तिनेच नेलं. पण २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत थायलंडच्या महिला संघाने कोरियाला मागे टाकून मिळवलेलं सुवर्ण तायक्वांदोतल्याच वेगळ्या प्रकाराचं, पूमसेचं होतं. कोचवान चोमचुएन, पेनकन्या पैसानकियात्तिकुन आणि ओर्नावी श्रीसहाकित या तिघींनी ते मिळवलं, आणि कुणालाही एक लाथ न मारता! (शेवटच्या आडनावात चक्क ‘श्री’ आणि ‘सह’ आहेत.)

पानिपाक खेळायची ती क्योरुगी. आपल्याकडच्या क्लासमधली मुलं तिला सरळ ‘फाइट’ म्हणतात. बेल्टच्या परीक्षेसाठी तीच मुलं जे घोकतात, ते पूमसे. ठरलेल्या क्रमाने पवित्रे, बचाव, ठोसे, किका. समोर प्रतिस्पर्धी नाही. कराटेतल्या काताचं हे चुलत भावंडच.

खरा फरक गुणांत आहे. फाइटमध्ये गुण मिळवायचे असतात: ठोशाला १, छातीवरच्या साध्या किकला २, डोक्यावरच्या किकला ३. मार खाल्ला तरी पुढच्या किकने भरपाई होते. पूमसेत गुण सांभाळायचे असतात. दहापैकी ४ अचूकतेचे, ६ सादरीकरणाचे. पवित्रा जरासा चुकला की अचूकतेतून ०.१ जातो, चूक मोठी असेल तर ०.३, आणि गेलेला गुण परत येत नाही.

त्यात तिघी असल्या की पंचाईत तिप्पट. पाय एकाच क्षणी उचलायचा, एकाच उंचीवर न्यायचा, एकत्रच टेकवायचा. एकटीची किक हातभर उंच गेली, तर वैयक्तिक गटात ती वाखाणली जाईल. संघात मात्र तीच डोळ्यांत खुपते. मला तरी हे फाइटपेक्षा अवघड वाटतं.

घोळात भर घातली ती हांगझोऊने. २०२३ मध्ये तिथे झालेल्या आशियाई स्पर्धेत पूमसे होतं, पण फक्त वैयक्तिक. सांघिक पदक होतं ते मिश्र संघांच्या फाइटचं.