राजदूत व्हायचंय? आधी दहावीची मार्कशीट काढा

राजदूतपदासाठी वेगळा अर्ज नसतो. इंदूरमध्ये भंवरकुआंला क्लासेसची चौकशी करत फिरणाऱ्या आईवडिलांना पहिल्यांदा हेच सांगावं लागतं. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा द्यायची (आधी प्रिलिम्स म्हणजे पूर्व परीक्षा, मग मेन्स म्हणजे मुख्य), त्यातून परराष्ट्र सेवा मिळवायची, थर्ड सेक्रेटरी या अगदी खालच्या पदापासून सुरुवात करायची आणि मग धीर धरायचा. परराष्ट्र सेवेतले मराठी अधिकारी ज्ञानेश्वर मुळे सेवेत आले 1983 साली, मालदीवला उच्चायुक्त (राष्ट्रकुल देशांत राजदूताला हेच म्हणतात) म्हणून गेले 2009 मध्ये. जागाही मोजक्या: 2023 च्या परीक्षेत या सेवेसाठी 37 होत्या.

भारतीय नागरिकत्व, कुठल्याही शाखेची पदवी, वय 21 ते 32. खुल्या प्रवर्गाला 6 संधी. ओबीसींना 9 संधी आणि वयात 3 वर्षं सूट. फी 100 रुपये, मुलींना माफ.

वय मोजतात त्या वर्षीच्या 1 ऑगस्टला, परीक्षेच्या दिवशी नाही. त्या दिवशी 32 पूर्ण झाली की खुल्या प्रवर्गातला उमेदवार बाद. 2 ऑगस्टचा जन्म असेल तर चालतो. जन्मतारखेला पुरावा दहावीचाच. नगर निगमचा दाखला नाही, ॲफिडेव्हिट नाही आणि पत्रिकाही नाही. (पत्रिकेचं यूपीएससीने नियमातच लिहिलंय, म्हणजे कुणीतरी नेली असणार!) शाळेत घालताना आजोबांनी तारीख मागेपुढे केली असेल, तर आता तीच तुमची. नावाचंही तसंच. आपल्याकडे आधारवर वडिलांच्या नावासकट तीन नावं आणि मार्कशीटवर दोनच, असं सर्रास असतं. फॉर्म मार्कशीटप्रमाणे भरा, आधार आधीच दुरुस्त करून घ्या.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ओबीसी नॉन-क्रीमीलेयरच्या, म्हणजे ओबीसींतल्या सधन गटात मोडत नसल्याच्या, दाखल्यावर. एमपीपीएससीसाठी (मध्य प्रदेशची राज्य सेवा परीक्षा) काढलेला राज्याचा दाखला इथे उपयोगाचा नाही, केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो. लोक सेवा केंद्राच्या काउंटरवर हे स्वतःहून सांगा, तिथे कुणी विचारणार नाही. दाखल्यावरची तारीखही बघतात. 2025 च्या परीक्षेसाठी 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांचं उत्पन्न धरलं होतं, म्हणून दाखला 1 एप्रिल 2024 किंवा त्यानंतरचा आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आतला हवा होता. "प्रिलिम्स निघू दे, मग काढू" म्हणणाऱ्यांचा घात इथेच होतो. शिवाय केंद्राची यादी राज्यवार आहे. जळगावच्या मामेभावाला दाखला मिळाला म्हणून इंदूरला आपल्यालाही मिळेल असं धरून चालू नका; मध्य प्रदेशच्या यादीत जात आहे का, ते आधी पाहा. उत्पन्नाचं गणितही वेगळं. क्रीमीलेयरच्या 8 लाखांत आईवडिलांचा पगार आणि शेती मोजत नाहीत, ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाच्या) 8 लाखांत दोन्ही मोजतात. बाबूच सगळं एकत्र करून बेरीज मांडतात, तेव्हा नियमाची प्रत खिशात असू द्या.

मेन्सला भारतीय भाषेचा पेपर सक्तीचा आहे. 300 पैकी 75 मिळाले नाहीत तर बाकीच्या पेपरांचे गुण धरतच नाहीत. घरी मराठी बोलतो म्हणून मराठी निवडायची, आणि शाळा मात्र पहिलीपासून हिंदी माध्यमाची! मराठीत सलग दोन पानं लिहून बघा, मगच ठरवा.

सेवांचा पसंतीक्रमही घाईत भरू नका. परराष्ट्र सेवेत रुजू झाल्यावर, ती सोडल्याशिवाय आयएएससाठी पुन्हा बसता येत नाही.

प्रिलिम्सचं केंद्र इंदूरला आहे, पण जागा भरल्या की दुसरं शहर घ्यावं लागतं. फॉर्म पहिल्या आठवड्यातच भरा. मेन्सला भोपाळ.