विजेच्या गाडीत रेडिओ का खरखरतो?

घरोघरी ट्रान्झिस्टर होते तेव्हा शेजारी मिक्सर लागला की आपल्याकडच्या बातम्यांत खरखर सुरू व्हायची. मिक्सरच्या मोटरमध्ये ब्रशवर उडणारी प्रत्येक ठिणगी रेडिओलहरी फेकत असते, आणि ट्रान्झिस्टर त्या इमानदारीने पकडायचा. विजेवरच्या मोटारींनी हीच कटकट नव्याने आणली आहे. फरक एवढाच की मिक्सर भिंतीपलीकडे असायचा, आणि इथे शे-दीडशे हॉर्सपॉवरची मोटर रेडिओपासून काही फुटांवर बसलेली असते.

अमेरिकेत यावरून चांगलंच राजकारण पेटलं. बीएमडब्ल्यूची आय-थ्री तिथे एएम रेडिओशिवायच (एएम म्हणजे आपल्याकडचा मीडियम वेव्ह) विकली गेली, टेस्लाने नंतर एएम काढून टाकला. डिसेंबर २०२२ मध्ये सिनेटर एड मार्की यांनी २० वाहन कंपन्यांना पत्र लिहून विचारलं की तुमच्या विजेवरच्या गाड्यांत एएम आहे की नाही. आठ कंपन्यांच्या उत्तरांतून कळलं की त्यांनी तो काढला आहे. फोर्ड त्यांतलीच एक. तिने तर पुढच्या मॉडेलांतूनही एएम वगळायचं ठरवलं होतं. मे २०२३ मध्ये मुख्याधिकारी जिम फार्ली यांनी तो निर्णय फिरवला.

कंपन्यांचं म्हणणं होतं की मोटरच्या हस्तक्षेपामुळे एएम ऐकण्यासारखा राहत नाही. हे कितपत खरं?

गाडीची बॅटरी साधारण ४०० व्होल्टचा एकदिश प्रवाह देते, काही गाड्यांत ८०० व्होल्टचा. चाकं फिरवणाऱ्या मोटरला मात्र तीन फेजचा प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा, प्रवाह लागतो. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो. त्यातले ट्रान्झिस्टर (रेडिओ नव्हे, इलेक्ट्रॉनिक खटके) बॅटरीचा दाब सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, आणि चालू-बंदच्या वेळा कमीजास्त करून मोटरला हवा तसा प्रवाह पुरवतात. या उघडझापेत वीज वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक बदल झटक्यात, नॅनोसेकंदांच्या हिशेबात उरकावा लागतो. म्हणजे चारशे व्होल्टची उभी कड, सेकंदाला हजारो वेळा.

असा चौकोनी तरंग एकाच वारंवारतेचा कधीच नसतो. मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा लहरींची लांबलचक शेपटी त्याला असते, आणि कड जितकी उभी तितकी ही शेपटी लांब. समजा इन्व्हर्टर ८ किलोहर्ट्झवर चालतो आहे. त्याची ९९ वी पट काढा: ७९२ किलोहर्ट्झ. आकाशवाणीचं पुणे केंद्र मीडियम वेव्हवर नेमकं तिथेच लागतं. प्रत्यक्षात इन्व्हर्टरचा ठोका एवढा काटेकोर एका जागी नसतो, मोटरवरच्या भाराबरोबर गोंगाटही बदलतो. म्हणून ॲक्सिलरेटर दाबला की खरखरीचा सूरही बदलतो.

एएममध्ये निवेदकाचा आवाज लहरींच्या उंचीत साठवलेला असतो. बाहेरून आलेला गोंगाटही उंचीतच भर घालतो, आणि रिसीव्हरला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. एफएममध्ये आवाज वारंवारतेच्या चढउतारात असतो, त्यामुळे उंचीतली गडबड रिसीव्हर सरळ छाटून टाकतो. शिवाय एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर, तिथपर्यंत त्या शेपटीचा जोर बराच ओसरलेला असतो.

म्हणजे हस्तक्षेप खरा आहे. पण त्यावर इलाजही आहेत: मोटरकडे जाणाऱ्या केबलवर धातूची जाळी, इन्व्हर्टरच्या तोंडाशी फिल्टर, अँटेना मोटरपासून दूर. टोयोटा प्रायस १९९७ पासून बाजारात आहे. तिच्यातही इन्व्हर्टर आहे, आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रायसमध्ये एएम वाजत आला आहे. त्यामुळे ‘जमत नाही’ हे उत्तर मला पटत नाही. ‘त्यासाठी पैसा आणि वजन घालायचं नाही’ हे जास्त प्रामाणिक झालं असतं.

या भांडणात उपग्रह रेडिओला मात्र धक्का लागला नाही. तो २.३ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. इन्व्हर्टरचा गोंगाट तिथवर जवळजवळ पोचतच नाही. अमेरिकेत याचे दोनच परवाने १९९७ मध्ये लिलावात गेले. एक्सएम या कंपनीची सेवा २००१ मध्ये सुरू झाली, सिरियसची २००२ मध्ये, आणि दोघांनाही एकमेकांशी स्पर्धा परवडेना म्हणून २००८ मध्ये त्यांचं सिरियसएक्सएम झालं.

सिरियसची मूळ रचना मला फार आवडते. भूस्थिर उपग्रह, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणारा, विषुववृत्ताच्या वर असतो, त्यामुळे उत्तरेकडच्या शहरांतून तो क्षितिजाजवळ दिसतो आणि इमारतींआड जातो. सिरियसने तीन उपग्रह लंबगोल, कललेल्या कक्षांत सोडले. प्रत्येक उपग्रह दिवसातले सुमारे सोळा तास उत्तर गोलार्धावर रेंगाळायचा, म्हणून अमेरिकेवर कायम दोन उपग्रह आकाशात बरेच उंच असायचे. गाडी पुलाखालून गेली तरी गाणं तुटू नये म्हणून तोच कार्यक्रम चार सेकंदांच्या फरकाने दोनदा पाठवला जाई. एक प्रत हुकली तर दुसरी हाताशी. मोठ्या शहरांत जमिनीवरही ट्रान्समीटर बसवले होतेच.

आपल्याकडेही उपग्रह रेडिओ येऊन गेला. वर्ल्डस्पेसचा एशियास्टार उपग्रह मार्च २००० मध्ये अवकाशात गेला, आणि ‘गंधर्व’ वाहिनीवर दिवसभर हिंदुस्थानी संगीत ऐकणारे शौकीन अजूनही तिची आठवण काढतात. पण त्या रिसीव्हरची अँटेना उपग्रहाच्या दिशेने लावून ठेवावी लागे, त्यामुळे तो घरातच रमला. धावत्या गाडीतला श्रोता त्याला मिळाला नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली, ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली आणि महागाचे संच शोभेला उरले.

आता अमेरिकेतही वारं बदललं आहे. टेस्लाच्या मॉडेल थ्री आणि मॉडेल वायमध्ये उपग्रह रेडिओचा रिसीव्हर कधी बसवलाच नाही. २०२४ च्या अखेरीस या गाड्यांत सिरियसएक्सएम आला तो ॲप म्हणून, मोबाइल इंटरनेटवरून. उपग्रह बाळगणाऱ्या कंपनीचा कार्यक्रम मोबाइल टॉवरच्या दारातून! बाकी अनेक कंपन्यांच्या नव्या गाड्यांत दोन्हींची सांगड असते. उपग्रह दिसेनासा झाला की रिसीव्हर गुपचूप इंटरनेटकडे वळतो.

स्ट्रीमिंगला डेटा फार लागत नाही. १२८ किलोबिटच्या दर्जाने तासाला जेमतेम ५८ एमबी जातात. गाण्यांनी गाडीची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापलं जाणारं अंतर, घटेल ही भीतीही फोल. आवाजयंत्रणा सरासरी ५० वॅट घेते असं धरलं आणि गाडी किलोमीटरला १५० वॅट-तास खाते असं मानलं, तर तासभराच्या मैफिलीची किंमत अवघी तीनशे-साडेतीनशे मीटर. एसी याहून कितीतरी महाग.

अडचण वेगळीच आहे. प्रसारणाला श्रोते एक असोत वा एक कोटी, ट्रान्समीटरला फरक पडत नाही. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक गाडीसाठी टॉवरकडून वेगळा प्रवाह निघतो. वादळात वीज गेली, टॉवरची बॅटरी संपली किंवा सगळ्यांनी एकदम फोन लावले, की ज्या घटकेला सूचना हवी त्याच घटकेला ॲप गोल गोल फिरत बसतं. अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने म्हणूनच ७७ रेडिओ केंद्रांना जनरेटर आणि इंधन देऊन ठेवलं आहे, आणि त्यांतली बहुतेक एएमवर चालतात. रात्री आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून) परतणारी एएम लहर शेकडो किलोमीटर जाते, मधल्या एकाही टॉवरशिवाय. प्रत्येक नव्या गाडीत एएम सक्तीचा करणारं विधेयक २०२३ मध्ये आलं आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडलं गेलं. मार्की डेमोक्रॅट, त्यांचे साथीदार टेड क्रूझ रिपब्लिकन. ही जोडी एरवी एका सुरात बोलेल असं कुणाला वाटलं नसतं.

आपल्यासाठी यात एक बारीक मुद्दा आहे. आकाशवाणीने मीडियम वेव्हवर डीआरएम हे डिजिटल प्रसारण सुरू केलं आहे आणि लाखो भारतीय गाड्यांत त्याचे रिसीव्हर आहेत. आवाज अगदी स्वच्छ, पण पट्टा तोच जुना, म्हणजे इन्व्हर्टरच्या शेपटीतला. थोडा गोंगाट डिजिटल संकेत पचवतो. मर्यादा ओलांडली की खरखर न होता आवाज एकदम जातो. टेस्ट ड्राइव्हला गेलात आणि गाडीत मीडियम वेव्ह असेल, तर आधी गाडी उभी असताना स्थानिक केंद्र लावा, मग चढावर ॲक्सिलरेटर दाबून ऐका. सेल्समन एफएम लावून देईल, त्यावरून काही कळणार नाही.