डांगाणातलं लहानपण आणि त्यामागचा इतिहास

मे महिन्यात भंडारदऱ्याचं पाणी मागे सरकलं की आम्ही पोरं उघड्या पडलेल्या गाळावर खेळायला उतरायचो. वरून गाळ वाळून भेगाळलेला असायचा, पण भेगेत पाय गेला की आत थंडगार चिखल लागायचा. एकदा आजी सोबत आली होती. पाण्याच्या कडेला दगडांची एक मोडकी ओळ दिसत होती. तिकडे काठी दाखवत ती म्हणाली, "हा आपला बांध. तुझ्या पणज्यानं रचलेला." तोवर मला वाटायचं, कळसूबाई जशी कायमची आहे तसं हे पाणीही कायमचंच आहे.

अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्याला आम्ही डांगाण म्हणतो. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या आसपासचा हा मुलूख, वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. इथून नाशिकला, पुण्याला, मुंबईला गेलेली माणसं भेटली की ठरलेल्या आठवणी निघतात: राबाचा धूर, अंगणात वाळणारा हिरडा, इरल्यावर वाजणारा पाऊस, झाडभर लुकलुकणारे काजवे. या आठवणींना मागचा काळही चिकटलेला आहे, आणि तो कळल्यावर मला त्या जास्त जवळच्या वाटू लागल्या.

आधी पाण्याचं. 1876-78 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत नगर जिल्ह्याचा पूर्वेकडचा सपाट भाग होरपळून निघाला. घाटमाथ्यावर धो धो पडणारा पाऊस अडवून तो खाली न्यायचा, हा विचार त्यातून पुढे आला. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते. उगमाजवळ रतनवाडीत अमृतेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. झंझ राजानं बारा नद्यांच्या उगमांशी बांधलेल्या बारा शिवालयांपैकी ते एक, असं परंपरा सांगते. त्याच प्रवरेवर शेंडी गावाजवळ 1910 साली धरणाचं काम सुरू झालं आणि 1926 च्या डिसेंबरात गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. म्हणून ते विल्सन डॅम, आणि जलाशय आर्थर लेक. गावात ही नावं कुणाच्या तोंडी नसतात, आमच्यासाठी ते नुसतं 'धरण'. उंची सुमारे 82 मीटर, साठा 11 टीएमसी, आणि तेही चुन्याच्या दगडी बांधकामात. त्या काळच्या गवंड्यांना आणि पाथरवटांना मनापासून हात जोडावेसे वाटतात.

पाणी खाली गेलं आणि संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडची रानं उसानं हिरवी झाली. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्या पाठीशीही हीच नदी होती. त्या भागाचं भलं झालं याचा मला आनंदच आहे. पण आमच्या डांगाणातल्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरी एप्रिल-मेमध्ये आमच्या आया हंडे घेऊन झऱ्याशी वाटी-वाटीनं पाणी भरायच्या. उतार कडक, खाली काळा कातळ, पाणी थांबतच नाही. आम्हा पोरांना पहाटे झऱ्यावर जाणं म्हणजे मजा वाटायची, कारण अंधारात आईचं बोट धरून चालायला मिळायचं. तिच्या मानेचं दुखणं फार उशिरा समजलं.

राबाचा धूरही असाच. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत यांचे थर द्यायचे, वर बारीक माती पसरायची आणि उन्हाळ्याच्या शेवटी पेटवून द्यायचं. तण आणि किडे जळतात, राख खत होते आणि रोप जोमानं येतं. 1878 च्या जंगल कायद्यानंतर ठाणे-कुलाब्याकडे सरकारनं राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधनं आणली. शेतकऱ्यांनी इतकी ओरड केली की 1880 च्या दशकात सरकारला जंगल आयोग नेमून हा प्रश्न ऐकून घ्यावा लागला. घाटाच्या खाली आणि वर शेतीची रीत एकच. आजी फांदी तोडताना झाडाचा शेंडा कधीच तोडायची नाही. "डोकं ठेव त्याचं," म्हणायची.

हिरड्याविषयी मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आमच्या वह्या-पाट्या त्यातून आल्या. फाल्गुन-चैत्रात झाडावरची कोवळी फळं पाडायची आणि अंगणात वाळत घालायची, हा बाळहिरडा. पहिल्या दिवशी हिरवागार, मग पिवळसर, आणि आठेक दिवसांत काळा, सुरकुतलेला, खडखड वाजणारा. एखादा चोरून चावला की तोंड आवळून यायचं आणि जीभ टाळूला चिकटायची. औषधाला आणि कातडी कमवायला तो लागतो, म्हणून व्यापारी दारात यायचे. मीठमिरचीच्या उधारीत अख्खा हंगाम त्यांच्या वजनकाट्यावर जायचा.

सावकारीचं हे दुखणं जुनं आहे. देवगावचे रघोजी भांगरे 1840 च्या दशकात सावकार आणि इंग्रज सत्तेविरुद्ध उठले ते याच डोंगरांतून. 1848 साली पंढरपुरात ते पकडले गेले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. आम्ही पोरं त्यांचं नाव घेऊन लुटुपुटीच्या लढाया खेळायचो. पुढे 1972 साली आदिवासी विकास महामंडळ आलं आणि हिरडा सरकारी काट्यावर विकता येऊ लागला. वडील पैसे मोजून आईच्या हातात ठेवत, तेव्हा ती आधी देवापुढे ठेवायची.

आणि डांगी गाय. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, खूर काळे नि कातळासारखे टणक, कातडीला तेलकट तकाकी. आषाढाच्या धारेत ती रानात उभी राहते आणि पाणी तिच्या पाठीवरून ओघळून जातं. शेकडो वर्षं याच पावसात आणि याच चढावर जगलेल्या कळपांमधून गुराख्यांनी निवडत निवडत ही जात जपली. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. तिथं आमच्या बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावून वडील घेऊन जायचे आणि मी कासरा धरून मागे.

1986 साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. चराईवर बंधनं आली, आणि हिरडा, सादडा, जांभळाची मोठी झाडंही राहिली. जूनच्या तोंडावर काजवे याच झाडांवर उतरतात. अख्खं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं. त्यांच्या अळ्या आधी कितीतरी काळ ओल्या पालापाचोळ्यात गोगलगायी खात वाढलेल्या असतात, म्हणून पालापाचोळा जागच्या जागी राहायला हवा आणि रात्री उजेडही नको. गावी गेलो की मी गाडी लांब लावतो, दिवे बंद करतो आणि लेकीला उचलून आमच्या सादड्याखाली नेतो. ती आजीसारखीच हळू आवाजात विचारते, "आता परत पेटेल?"