पचमढीचे शिखरमार्ग

पचमढीचे शिखरमार्ग : मध्य प्रदेशाच्या नर्मदापुरम (पूर्वीच्या होशंगाबाद) जिल्ह्यात, सातपुडा राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील पचमढी पठारावरून धूपगड, चौरागड इत्यादी माथ्यांवर जाणाऱ्या, अर्ध्या दिवसात चढून उतरता येणाऱ्या पायवाटा. नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया आणि मटकुली या रस्त्याने पचमढी सुमारे २५० किमी. अंतरावर असून, रेल्वेने इटारसीमार्गे पिपरिया स्थानकावर उतरून सुमारे ५० किमी.चा घाटरस्ताही घेता येतो. आज ही शिखरे दुसऱ्या राज्यात असली, तरी त्यांवर चढणाऱ्यांत विदर्भातील माणसे फार मोठ्या संख्येने असतात. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि पचमढी ही त्या प्रांताची उन्हाळी राजधानी होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दोन्ही ठिकाणे एकाच राज्यात राहिली. अर्थात महादेवाच्या यात्रेचा ओढा अशा प्रशासकीय सीमांवर कधीच अवलंबून नव्हता.

चढण आखूड असण्याचे कारण भूरचनेत आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मी. उंचीवर, तर पचमढीचे पठार सुमारे १,०६७ मी. उंचीवर आहे. म्हणजे उंचीचा मोठा हिस्सा घाटरस्त्यानेच सर होतो आणि पठारापासून सातपुड्यातील सर्वोच्च माथा असलेल्या धूपगडापर्यंत (सुमारे १,३५० मी.) जेमतेम तीनशे मीटरच उरतात. हे पठार गोंडवन संघातील (प्राचीन गाळाच्या खडकांच्या समूहातील) जाडाभरड्या वालुकाश्माचे आहे. खडकातील उभ्या भेगांतून पाणी शिरत गेल्याने मऊ भाग झिजून खोल घळी तयार झाल्या आणि टणक भाग कड्यांच्या रूपाने उभे राहिले. या घळींना तेथे ‘खोह’ म्हणतात. हांडी खोह त्यांपैकी सर्वांत परिचित. याच झिजेमुळे कड्यांच्या पोटाशी आडोशाच्या जागा तयार झाल्या असून त्यांपैकी अनेकांत प्राचीन शैलचित्रे आढळतात. म्हणूनच माथ्यावर पोचण्याच्या घाईत कपारी न पाहता पुढे जाणे हे या वाटांवर नुकसानीचेच ठरते.

धूपगडावर सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही दिसतात. माथ्यापर्यंत गाडीरस्ता असून बहुसंख्य पर्यटक वनविभागाचा परवाना घेऊन जिप्सीने सायंकाळी तेथे जातात आणि सूर्य बुडताच परततात. पायी चढणाऱ्याला मात्र साल, जांभूळ, आवळा यांच्या रानातून जाताना शेकरू दिसण्याची चांगली संधी असते. सालाची ही वस्ती लक्षणीय आहे, कारण लगतच्या बोरी अभयारण्याकडे सागाचे राज्य सुरू होते आणि मध्य भारतातील या दोन प्रमुख वृक्षांची क्षेत्रे येथे एकमेकांना भिडतात.

चौरागडाची (सुमारे १,३०८ मी.) चढण वेगळ्या स्वभावाची आहे. बडा महादेव या गुहामंदिराजवळून निघणारी वाट काही अंतर डोंगराच्या कडेने जाते आणि मग तेराशेच्या आसपास पायऱ्या सुरू होतात. माथ्यावरील शिवमंदिराभोवती भाविकांनी नवस फेडताना वाहिलेल्या त्रिशूळांचे ढीग लागलेले असतात. त्यांत हातभर लांबीच्या त्रिशुळांपासून अनेकांनी मिळून खांद्यावर वाहून आणलेल्या अवजड त्रिशुळांपर्यंत सर्व आकार असतात. महाशिवरात्रीच्या यात्रेत ‘हर बोला हर हर महादेव’ असा गजर करीत विदर्भातील गावोगावचे जथे ही वाट चढतात आणि वाटेत महादेवाची गाणी म्हणतात. पार्वती ही आपल्याकडची लेक आणि महादेव हा जावई, अशी लोकसमजूत या यात्रेमागे सांगितली जाते. वर्णन वाचताना एक गल्लत टाळावी : गोंड राज्याची राणी दुर्गावती हिचा पुत्र वीरनारायण १५६४ मध्ये ज्या चौरागड किल्ल्यावर लढताना मारला गेला, तो किल्ला नरसिंहपूर जिल्ह्यात आहे. पचमढीचा चौरागड निराळा.

श्रावणातील नागपंचमीच्या सुमारास भरणारी नागद्वार या गुहास्थानाची यात्रा तांत्रिक अर्थाने शिखरचढाई नाही, परंतु चढउतारांचा विचार करता ती या सर्वांहून अवघड आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या संरक्षित क्षेत्रातून जाणारी ही वाट वर्षातून थोडेच दिवस खुली होते आणि तीही ऐन पावसात, निसरड्या खडकांवरून चालावी लागते. या काळात नागपुरातून एसटीच्या जादा गाड्या सुटतात आणि विदर्भातील सेवा मंडळे वाटेवर भोजनाची सोय करतात. पचमढीत वर्षाला सुमारे २,००० मिमी. पाऊस पडतो हे लक्षात घेता, डोळे भरून दृश्य पाहण्यासाठी येणाऱ्याने हा काळ टाळणेच इष्ट. धुक्यात माथा आणि खोरे दोन्ही दिसत नाहीत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या महिन्यांत हवा स्वच्छ असते, मात्र जानेवारीच्या पहाटे थंडी कडाक्याची असते.

सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये स्थापन झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे ५२४ चौ. किमी. आहे. बोरी व पचमढी अभयारण्यांसह ते सातपुडा व्याघ्र प्रकल्पात मोडते. १९९९ मध्ये घोषित झालेले पचमढी जीवावरण क्षेत्र (बायोस्फिअर रिझर्व्ह) २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात समाविष्ट झाले. त्यामुळे ठरलेल्या वाटा सोडून भटकण्यास मनाई आहे. रानात अस्वल, गवा आणि बिबट्या आहेत. कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी असल्याने वाटेत धूर करणे धोक्याचे असते.

विदर्भाच्या हद्दीतच असा अनुभव हवा असल्यास मेळघाटातील चिखलदऱ्याजवळचे वैराट (सुमारे १,१७७ मी.) हा जवळचा पर्याय आहे. तेथील गाविलगडच्या डोंगररांगा काळ्या बेसाल्टच्या आहेत, त्यामुळे पचमढीच्या वालुकाश्मातील अरुंद, उभ्या खोहांऐवजी तेथे पायऱ्यापायऱ्यांचे उतार आणि रुंद दऱ्या दिसतात. हा माथा विदर्भात सर्वांत उंच मानला जातो.